सोलरची गळती: यूपीव्हीसी वेगळा, सीपीव्हीसी वेगळा

दिवाळीनंतर थंडी पडली की वरुड-मोर्शीकडच्या आमच्या गावांत गच्चीवरचे पाणी तापवायचे सोलर पुन्हा वापरात येतात, आणि त्याच आठवड्यात कोणाच्या तरी टाकीखाली थेंब-थेंब सुरू होतो. काम एका संध्याकाळचं. पण तेच काम लोकांना तीन-तीनदा करावं लागतं, कारण गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसी हवा, तिथे गार पाण्याचा यूपीव्हीसी पाइप, गार पाण्याची फिटिंग आणि गार पाण्याचंच सुलोचन, म्हणजे पाइप जोडायचं सोल्यूशन, लावलेलं असतं. दुकानातही दोन्हींना ‘पीव्हीसी’ म्हणूनच हातात देतात, याचा मला फार राग येतो.

यूपीव्हीसी तुम्हाला मी काय सांगू? विहिरीपासून संत्र्याच्या बागेपर्यंतची करडी लाइन तुम्हीच जोडलेली आहे. घरातला पांढरा पाइप त्याच जातीचा. सीपीव्हीसी दिसायला तसाच, फक्त रंग सायीसारखा पिवळट. दोन उन्हाळे गच्चीवर काढले की तोही फरक धुळीत जातो. म्हणून रंगावर जाऊ नका, पाइपावरची छपाई वाचा. सीपीव्हीसीवर आयएस (भारतीय मानक) 15778 असतं, पाणीपुरवठ्याच्या यूपीव्हीसीवर बहुधा आयएस 4985.

खरा फरक उष्णतेचा. साध्या पीव्हीसीत वजनानं सुमारे 57 टक्के क्लोरीन असतं. सीपीव्हीसीत ते मुद्दाम वाढवून 63 ते 69 टक्क्यांपर्यंत नेतात. एवढ्यानंच यूपीव्हीसीची मर्यादा 60 अंशांच्या आसपास राहते आणि सीपीव्हीसी 93 अंशांपर्यंत चालतो.

हे पटत नसेल तर शेतातलं आठवा. कपलर हाताशी नसला की आपण पऱ्हाट्या पेटवतो, पाइपाचं तोंड जाळावर फिरवतो, ते मऊ पडलं की दुसरा पाइप आत दाबतो. उष्णतेनं मऊ पडणं हा त्या पाइपाचा गुणच आहे. आणि तोच पाइप आपण सोलरच्या गरम तोंडाला लावतो! काचेच्या नळ्यांच्या सोलरमधलं पाणी दोन दिवस कोणी वापरलं नाही, तर एप्रिल-मे महिन्यात ते सहज 80 अंशांच्या पुढे जातं. पाइप लगेच वितळत नाही. रोज दुपारी थोडा मऊ पडतो, दोन क्लॅम्पच्या मधे झोळ धरतो, त्याचा ओढा जोडावर येतो. उन्हाळ्यात गरम पाण्याचा नळ कोणी उघडत नाही, म्हणून मे महिन्यात झालेलं नुकसान नोव्हेंबरात दिसतं आणि दोष थंडीवर जातो.

दुसरी गफलत मापाची. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या काकाजींच्या गच्चीवर गेलो, तर पाऊण इंची सीपीव्हीसी एल्बोत अर्धा इंची पांढरा पाइप घातलेला आणि वर पुट्टीचा मोठा गोळा. “पांढरा पाइप पांढराच असते ना बाप्पा, गेला ना आत!” काकाजी म्हणाले. गेला, कारण अर्धा इंची यूपीव्हीसीचा बाहेरचा व्यास 21.3 मिलिमीटर आणि पाऊण इंची सीपीव्हीसीचा 22.2. या पांढऱ्या यूपीव्हीसीची मापं लोखंडी पाइपावरून आलेली, सीपीव्हीसीची तांब्याच्या नळीवरून. म्हणून सारख्या इंचाचे पाइप एकमेकांत बसत नाहीत आणि चुकीचे दोन जवळपास बसतात. मी पुट्टी फोडून एल्बो धरला, तर पाइप आतल्या आत फिरला. बाहेर काढला तेव्हा सुकलेलं सोल्यूशन कांद्याच्या पापुद्र्यासारखं निघून आलं. कशालाच चिकटलं नव्हतं.

सोल्यूशन म्हणजे डिंक नव्हे. ते पाइप आणि फिटिंग दोघांचाही वरचा थर विरघळवतं आणि ते थर एकमेकांत मुरतात. त्यासाठी दोन्ही अंगं घट्ट टेकलेली हवीत आणि डबा त्याच प्लास्टिकसाठीचा हवा. सीपीव्हीसीचं सोल्यूशन बहुतेक पिवळं असतं, साधं बहुतेक पारदर्शक. शेतातून उरलेला अर्धा डबा गच्चीवर नेऊ नका. आणि पुट्टीचं म्हणाल तर गरम पाण्याच्या जोडावर मी ती कधीच लावत नाही, कोणाला लावू देत नाही.

जोड गळत असेल तर तो कापून काढा. टाकीजवळचा गरम लाइनचा वॉल्व्ह बंद करा, खालचा नळ उघडून लाइन रिकामी करा. पाइप सरळ कापा, कापताना उठलेली कडेची खरखर घासा आणि फडक्यानं कोरडा करा. आत ओल राहिली की जोड गेला. दोन्हीकडे सोल्यूशन लावून पाव फेरा देत आत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. सुकायला किती वेळ द्यायचा ते डब्यावर असतं, तितका पूर्ण द्या. सीपीव्हीसीचं तोंड जाळावर मोठं करू नका.

आटे असतील तिथे टेफ्लॉन टेप, गुळगुळीत सॉकेटला सोल्यूशन. यात अदलाबदल नाही. गार यूपीव्हीसी लाइन सीपीव्हीसीला जोडायची असेल तर मधे पितळी आट्यांचा अडॅप्टर घ्या. टाकीत येणाऱ्या गार लाइनचाही शेवटचा तुकडा मी सीपीव्हीसीचाच ठेवतो, कारण टाकीतली उष्णता मागे त्या पाइपात उतरते. उघड्यावरच्या पाइपाला पाण्यातला पांढरा ॲक्रिलिक रंग द्या, ऑइलपेंट नको.

गळती टाकीच्याच तोंडाशी असेल आणि टाकी रिकामी करावी लागली, तर काम संध्याकाळी धरा आणि ऊन निघायच्या आत टाकी पुन्हा भरा. नवा जोड तोवर सुकला नसेल तर पाणी सोडू नका. नळ्यांवर ताडपत्री टाका, दुसऱ्या पहाटेपर्यंत थांबा. कोरड्या नळ्या उन्हात तापल्या आणि त्यात गार पाणी गेलं, की काच तडकते.