'भक्त विदुर' (1921): गोष्ट हस्तिनापूरची, टोपी गांधींची

कौरवांचं मीठ खाऊन त्यांचाच कट पांडवांना कळवणारा तो विदुर. लाक्षागृहाचा बेत त्याने युधिष्ठिराला सांकेतिक भाषेत सांगितला, मागाहून भुयार खणायला माणूसही धाडला. कोहिनूर फिल्म कंपनीने त्याला मूकपटाचा नायक केलं 1921 साली. रौलट कायदा आणि जालियनवाला बाग होऊन दोनच वर्षं झाली होती, असहकार ऐन भरात होता. दिग्दर्शक कांजीभाई राठोड. विदुराची भूमिका कंपनीचे द्वारकादास संपत यांनीच केली आणि ते पडद्यावर आले गांधी टोपी नि खादीचा सदरा घालून.

मराठी प्रेक्षकाला ही युक्ती नवी नव्हती. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त (1907) कीचक म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, हे कुणाला सांगावं लागलं नाही. सरकारलाही नाही, 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. नाटकांसाठी 1876 चा कायदा होताच. चित्रपटांसाठी 1918 चा सिनेमॅटोग्राफ कायदा झाला आणि 1920 पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे सेन्सॉर मंडळं बसली.

मेख या कायद्यातच होती. एका मंडळाचा दाखला साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात चाले, पण प्रांतिक सरकार आपल्या हद्दीपुरता तो रद्द करू शके आणि जिल्हा मॅजिस्ट्रेट तहकूब. त्यामुळे मुंबईत निघालेला 'विदुर' मद्रासेत अडला, कराचीतही अडला. आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता! कराचीच्या मॅजिस्ट्रेटचं म्हणणं असं की हा विदुर नव्हे, गांधी आहे आणि हेतू सरकारविषयी द्वेष पसरवण्याचा आहे. 'भारतात बंदी आलेला पहिला चित्रपट' असं आपण सर्रास लिहितो, पण ही बंदी देशभर नव्हती.

कात्री लावून का भागलं नसतं? मूकपटातले शब्द पाट्यांवर असत. नको ती पाटी काढून फिल्म सांधली की झालं. पण इथे आक्षेप कपड्यांवर होता. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी, म्हणजे हजार फुटांच्या रिळात 16,000. त्यांतला विदुर वगळायचा तर पडद्यावर राज्य उरतं होमी मास्टर यांच्या दुर्योधनाचं. प्रभातच्या 1930 च्या शिवाजीपटात मात्र कात्री चालली: 'स्वराज्याचे तोरण' हे नाव जाऊन 'उदयकाल' झालं, झेंडा उभारण्याच्या दृश्यालाही चाट बसली.