बेटावरचा गोवर संपतो, मग कांजिण्या का उरतात?

कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांत एक कथानक सध्या फार लोकप्रिय आहे. दूरचं एक लहान बेट. तिथे जीवघेणी साथ येते. सरकार बेटाचा संपर्क तोडतं, फोन बंद पडतात, मोठी माणसं एकेक करून जातात आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला घेऊन घराचं दार आतून लावून बसते. माझी भाची अशा कादंबऱ्या अधाशासारख्या वाचते. मध्यंतरी तिने विचारलं, "मामा, समजा सगळं शांत झालं, तर किती दिवसांनी दार उघडलेलं चालेल?"

प्रश्न फार चांगला आहे. बहुतेक कादंबऱ्यांत तो नीट सोडवलेलाच नसतो. तिथे विषाणू वर्षानुवर्षं हवेत दबा धरून असतो, किंवा तीनशे माणसांच्या गावात साथ सहा-आठ महिने रेंगाळते. खऱ्या विषाणूंना हे सहसा जमत नाही. विषाणू काही खात नाही, स्वतःहून वाढत नाही. त्याला टिकायचं तर जिवंत पेशी हवी, आणि त्या शरीरातून हकालपट्टी होण्याआधी दुसरं शरीर सापडायला हवं. गोवराचा विषाणू हवेतून पसरण्यात पटाईत, पण रुग्ण निघून गेल्यावर खोलीच्या हवेत तो फार तर दोन तास तग धरतो. म्हणजे प्रश्न दाराचा कमी आणि माणसांच्या संख्येचा जास्त आहे.

याचा उत्तम पुरावा एका खऱ्याखुऱ्या बेटावरच मिळाला. उत्तर अटलांटिकमधली फेरो बेटं डेन्मार्कच्या ताब्यातली. तिथे १७८१ साली गोवर येऊन गेला होता आणि नंतर ६५ वर्षं एकही रुग्ण नव्हता. मार्च १८४६ मध्ये कोपनहेगनहून एक सुतार तिथे उतरला आणि काही दिवसांत त्याच्या अंगावर गोवर उठला. पुढच्या काही महिन्यांत ७,७८२ लोकवस्तीपैकी सुमारे ६,००० माणसं आजारी पडली. डॅनिश सरकारने पीटर लुडविग पानुम नावाच्या तरुण डॉक्टरला तिकडे पाठवलं. त्याचं वय तेव्हा जेमतेम पंचवीस.

पानुमने गावोगाव फिरून तारखा गोळा केल्या. कोण कधी कुठे गेलं, कोणाला भेटलं, पुरळ कधी उठलं. ट्यॉर्नुविक गावचे दहा जण ४ जूनला एका होडीतून दुसऱ्या गावी देवमाशांच्या शिकारीला गेले होते. १८ जूनला दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठलं. बरोबर चौदा दिवस. सूक्ष्मदर्शकातून विषाणू दिसणं तर सोडाच, 'विषाणू' ही कल्पनाही नसताना केवळ तारखांवरून या माणसाने गोवराचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंतचा काळ, काढला. १७८१ मध्ये ज्यांना गोवर होऊन गेला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही, हेही त्याच्या लक्षात आलं. ६५ वर्षांत मधे एकदाही संसर्ग नाही, तरी प्रतिकारशक्ती शाबूत! रोगप्रतिकारशास्त्रात इतकं स्वच्छ निरीक्षण क्वचितच सापडतं.

साथ ओसरल्यावर फेरोमधून गोवर पुन्हा नाहीसा झाला. असं का होतं ते एका काल्पनिक गावावर पाहू. पाचशे वस्ती, कोणालाच आधी गोवर झालेला नाही. गोवराचा एक रुग्ण अशा लोकांत सरासरी १२ ते १८ जणांना लागण करतो. पंधरा धरा. पहिल्या पंधरवड्यानंतर पंधरा रुग्ण, दुसऱ्यानंतर सव्वादोनशे, तिसऱ्याला लागण करण्याजोगं फारसं कोणी उरलेलंच नाही. वणवा सगळं गवत जाळून आपोआप विझावा तसं दीड-दोन महिन्यांत सगळं आटोपतं. जे वाचले ते जन्मभरासाठी सुरक्षित. आता विषाणूला नवी माणसं हवीत, म्हणजे नवी बाळं हवीत. हजारी वीस जन्मदर धरला तर या गावात वर्षाला दहा बाळं जन्मतील, साधारण छत्तीस दिवसांनी एक. विषाणूला मात्र दर चौदा दिवसांनी नवं शरीर लागतं. शिवाय आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे बाळ पहिले काही महिने त्याच्या उपयोगाचं नसतं. साखळी तुटते, आणि एकदा तुटली की बाहेरून कोणी आणल्याशिवाय ती जुळत नाही.

मग साखळी अखंड राहायला किती वस्ती लागेल? ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ मॉरिस बार्टलेट यांनी १९५७ साली शहरांच्या नोंदी तपासून हा आकडा अडीच-तीन लाखांच्या घरात असल्याचं दाखवलं. नंतर फ्रान्सिस ब्लॅक यांनी बेटांचा अभ्यास केला तेव्हा तो पाच लाखांच्या आसपास निघाला. गोवर हा शहरांचा रोग आहे, असं म्हणतात ते यामुळेच. तो गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक. जनुकीय हिशेबानुसार दोघांची वाट इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमारास वेगळी झाली असावी. जगात मोठी शहरं उभी राहिली तो हाच काळ.

म्हणजे गोवरासारखा रोग असेल तर भाचीच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. शेवटचा रुग्ण बरा झाला किंवा गेला, त्यानंतर महिनाभर एकही नवा रुग्ण नाही, तर दार उघडा. धोका आता फक्त बाहेरून येणाऱ्या होडीत.

पण माझा जीव जडलाय तो कांजिण्यांच्या विषाणूवर, कारण हे गणित तो सपशेल उधळून लावतो.

कांजिण्याही हवेतून पसरतात, त्याही लहान मुलांना झपाट्याने होतात, आणि एकदा झाल्या की सहसा पुन्हा होत नाहीत. गोवराच्या हिशेबाने त्या छोट्या वस्तीतून नाहीशा व्हायला हव्यात. पण हजाराहून कमी वस्तीच्या बेटांवरही त्या टिकतात. ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या, जगापासून तुटलेल्या जमातींच्या रक्ताचे नमुने तपासले. गोवराचा मागमूस नव्हता. कांजिण्यांच्या खुणा मात्र होत्या. बाहेरून कोणी न आणता?

उत्तर आजीच्या पाठीत आहे. ज्याला आपण नागीण म्हणतो ती आणि कांजिण्या हे एकाच विषाणूचे दोन अवतार. बुडापेस्टचे डॉक्टर यानोश फोन बोकाय यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसलं होतं, की घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की थोड्या दिवसांनी त्याच घरातल्या पोरांना कांजिण्या येतात. पण दोन्हींचा धागा जुळवला तो इंग्लंडमधल्या सायरन्सेस्टर या लहान गावातल्या एका साध्या फॅमिली डॉक्टरने. एडगर होप-सिम्पसन त्यांचं नाव. त्यांच्याकडे साधारण साडेतीन हजार लोक नोंदलेले. सोळा वर्षांत त्यांनी नागिणीचे १९२ रुग्ण वयानिशी, तारखेनिशी नोंदवले आणि १९६५ साली ठामपणे मांडलं, की कांजिण्या बऱ्या झाल्यावर विषाणू जातच नाही. तो आत दडून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन बाहेर येतो. प्रयोगशाळा नाही, मोठं अनुदान नाही. हाताशी फक्त चिकाटीने ठेवलेली वही. १९८४ साली एकाच रुग्णाच्या कांजिण्यांतून आणि नंतरच्या नागिणीतून काढलेला डीएनए ताडून पाहिला, तेव्हा तो जुळला.

दडतो म्हणजे नेमकं काय करतो? आता थोडं बारकाईने पाहावं लागेल, पण त्याचं चीज होईल.

आपल्या त्वचेला स्पर्श आणि वेदना कळतात त्या चेतापेशींमुळे. या पेशींचा मुख्य भाग त्वचेत नसतो. तो कण्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या गँग्लिऑन नावाच्या छोट्या गुच्छांत असतो, आणि तिथून एक लांबलचक तंतू त्वचेपर्यंत येतो. पायाच्या बोटाकडे जाणारा तंतू तर जवळपास मीटरभर लांब! पेशीच्या आत या तंतूच्या लांबीभर सूक्ष्मनलिकांचे मार्ग असतात, आणि त्यांवरून प्रथिनांचे रेणू माल वाहून नेतात. डायनीन हे प्रथिन त्वचेकडून गँग्लिऑनकडे नेतं, कायनेसिन उलट दिशेने. कांजिण्यांच्या पुळीतला विषाणू तंतूच्या टोकात शिरतो आणि डायनीनला चिकटून थेट पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो. काही विषाणू रक्तातल्या टी-पेशींबरोबरही, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या शिपाई पेशींबरोबरही, गँग्लिऑनमध्ये जातात.

केंद्रकात पोहोचल्यावर विषाणूचा डीएनए, म्हणजे सुमारे सव्वा लाख अक्षरजोड्यांची आणि सत्तरेक जनुकांची ती साखळी, दोन्ही टोकं जुळवून वर्तुळाकार होते. आपल्या गुणसूत्रात ती घुसत नाही, शेजारी नुसती पडून राहते. आणि मग ती गप्प होते. एक-दोन जनुकांची थोडीशी कुजबुज सोडली तर बाकी सगळी बंद. टी-पेशी बाधित पेशी ओळखतात त्या तिच्या पृष्ठभागावर मांडलेल्या विषाणूच्या प्रथिनांच्या तुकड्यांवरून. प्रथिनंच बनत नसतील तर टी-पेशींना दिसणार काय? दुसरी पथ्यावर पडणारी गोष्ट म्हणजे चेतापेशी विभागत नाहीत. विभागणाऱ्या पेशीत असा सुटा डीएनए हळूहळू गळून जाण्याची शक्यता असते. चेतापेशी मात्र तुम्ही जगाल तितकी जगते, म्हणून विषाणूला स्वतःची नक्कल करण्याची गरजही पडत नाही. पन्नास वर्षं काहीही न करता राहणं ही इथे जगण्याची युक्ती आहे.

गोवराला हे साधत नाही. त्याची जनुकं आरएनएची, नाजूक, सतत नव्याने बनवावी लागणारी. क्वचित तो मेंदूत मागे राहतो आणि काही वर्षांनी एसएसपीई नावाचा भयंकर आजार देतो, पण तिथून तो दुसऱ्या कोणाला लागत नाही.

कांजिण्यांचा विषाणू अधूनमधून डोकं वर काढायला बघतो आणि टी-पेशी त्याला तिथल्या तिथे दाबतात. वय वाढलं, किंवा कर्करोगाची औषधं, स्टेरॉइडं चालू असली, की टी-पेशींची ही फळी कमकुवत होते. मग एखाद्या गँग्लिऑनमधला विषाणू जागा होतो, नव्या प्रती बनवतो आणि कायनेसिनवर बसून आल्या वाटेने त्वचेत उतरतो. कण्यातून चेतांच्या ३१ जोड्या निघतात आणि जवळपास प्रत्येक चेता त्वचेचा आपला एक पट्टा सांभाळते, डावीची डाव्या बाजूला, उजवीची उजव्या. म्हणून नागीण एका बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि बहुधा शरीराच्या मध्यरेषेवर थांबते.

आपल्याकडे म्हणतात, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो. हे संपूर्ण खोटं आहे. या भीतीपोटी लोक मंत्र मारून घ्यायला आणि लेप लावायला धावतात आणि मोलाचा वेळ घालवतात. असायक्लोव्हिरसारखी औषधं पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू केली तर सर्वांत चांगला गुण देतात. नागीण कपाळावर किंवा डोळ्याजवळ उठली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं, दृष्टी जाऊ शकते. आणि पुरळ गेल्यावरही महिनोन्महिने उरणारी ती आग, तो ठणका ज्यांनी सोसलाय, त्यांना विचारा की उतारा करून काय मिळालं.

आता बेटावर परत येऊ. नागिणीच्या फोडांत जिवंत विषाणू असतो. सत्तर वर्षांच्या आजीला नागीण उठते, नातू तिच्या कुशीत झोपतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच्या अंगावर कांजिण्या. शाळेतल्या सगळ्या पोरांना होतात, मग पुन्हा वीस वर्षं शांतता. साठ वर्षांपूर्वीचा विषाणू मधली दोन पिढ्यांची दरी सहज ओलांडतो. पाचशे माणसांतही ही साखळी सहसा तुटत नाही, कारण तिची कडी चौदा दिवसांची नसून आयुष्याएवढी लांब आहे.

कोणी म्हणेल, कांजिण्या काही जीवघेण्या नाहीत, कादंबरीत काय उपयोग? मग इबोलाचं पाहा. पश्चिम आफ्रिकेतली मोठी साथ २०१६ मध्ये संपली. २०२१ च्या फेब्रुवारीत गिनीमध्ये इबोला पुन्हा उफाळला, तेव्हा सगळ्यांना वाटलं वटवाघळांतून आला असेल. जनुकीय क्रम तपासला तर तो जुन्या साथीच्याच विषाणूचा निघाला, जेमतेम काही बदल झालेला. आजारातून बरं झालेल्या कोणाच्या तरी शरीरात तो निदान पाच वर्षं टिकून होता. वृषण, डोळा अशा जागी प्रतिकारयंत्रणा हात राखून वागते, तिथे असं घडतं. या रुग्णांना वाळीत टाकण्याची गरज नाही. तपासणी आणि सुरक्षित संबंध पुरेसे असतात. पण लेखकांनी 'विषाणू हवेत लपला' असं लिहिण्यापेक्षा हे खरं रहस्य वापरलं तर वाचणाऱ्या मुलांना किती मिळेल!

प्लेगची गोष्ट आणखी निराळी. तो माणसात दडत नाही, उंदरात राहतो. शंभरेक वर्षांपूर्वी महाराष्ट्रात उंदीर पडायला लागले की गावंच्या गावं घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. तेव्हा दार लावून घरात बसणं हाच सर्वांत वाईट पर्याय होता, कारण उंदीर आणि पिसवा घरातच होत्या.

आता लशीबद्दल, कारण तिथेही हीच यंत्रणा आडवी येते. कांजिण्यांची लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ साली बनवली, ओका आडनावाच्या एका मुलाच्या फोडांतल्या विषाणूला प्रयोगशाळेत दुबळा करून. तो दुबळा विषाणूही गँग्लिऑनमध्ये जाऊन बसू शकतो, पण जागा होण्याचं प्रमाण मूळ विषाणूपेक्षा बरंच कमी असतं. नागिणीची नवी लस २०२३ पासून भारतातही मिळते, मुख्यतः पन्नाशीपुढच्यांसाठी. तिच्यात जिवंत विषाणू नाही, त्याच्या आवरणातलं एकच प्रथिन आहे. गँग्लिऑनमधला विषाणू ती हटवत नाही. थकत चाललेल्या टी-पेशींना पुन्हा सज्ज करते. चेतापेशीत गप्प पडलेला तो डीएनएचा गोल बाहेर काढणारं औषध अजून कोणाकडेच नाही. त्यामुळे उद्या जगातल्या प्रत्येक बाळाला लस मिळाली, तरी कांजिण्यांचा मूळ विषाणू संपला असं म्हणायला आज तो अंगात घेऊन फिरणारी शेवटची व्यक्ती जाईपर्यंत, म्हणजे आणखी ऐंशी-नव्वद वर्षं, थांबावं लागेल.