कूलरचा पंप बंद झाला की सर्किट का गोंधळतं?

मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय रात्र निघत नाही, पण कूलरचा पंप रात्रभर चालायलाच हवा असं नाही. खस एकदा चिंब झाली की काही मिनिटं ओली राहतेच. म्हणून पाच मिनिटं पंप चालू आणि सात मिनिटं बंद ठेवणारं एक सर्किट मी जुळवलं. आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), एक रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) आणि एक छोटा डिस्प्ले, एवढंच सामान. टेबलावर दोन दिवस ते बिनचूक चाललं. कूलरला जोडलं आणि पहिल्याच रात्री दोन वाजता घामानं जाग आली. पंखा गरम हवा फेकत होता, पंप बंद होता आणि डिस्प्लेवर न कळणारी अक्षरं उमटली होती. आई म्हणाली, "काहून बा, तुझं मशीन झोपलं का?"

पुढचे दोन दिवस मी प्रोग्राममधली चूक शोधली. चूक तिथे नव्हतीच. एक गोष्ट मात्र लक्षात आली, सर्किट अडकायचं ते नेहमी पंप बंद होताना, चालू होताना कधीच नाही. मग पंप काढून त्याच्या जागी शंभर वॅटचा जुना बल्ब लावला. तो पंपापेक्षा जास्त करंट घेतो, तरी रात्रभर काही बिघडलं नाही. म्हणजे करंट किती आहे हा मुद्दा नव्हता. पंपात तारेचं वेटोळं असतं आणि बल्बात ते नसल्यासारखंच, खरा फरक हा.

शंकरपट पाहिला असेल तर हे लगेच समजेल. भरधाव बैलजोडी शेवटच्या रेषेवर थांबत नाही, तिला पुढे मोकळी जागा लागते. तिथेच भिंत घातली तर काय होईल ते सांगायला नको. वेटोळ्यातला करंट तसाच असतो. त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते आणि वाट तोडली तरी तो वाहतच राहू पाहतो. करंट जितक्या झटक्यात तोडाल तितका व्होल्टेज वर उसळतो. अमेरिकेत जोसेफ हेन्रीनं १८३२ साली वेटोळ्याची तार सोडवताना उडणाऱ्या ठिणगीबद्दल लिहिलं होतं. माझ्या रिलेत दर बारा मिनिटांनी तीच ठिणगी उडत होती. घरातला २३० व्होल्टचा पुरवठा मुळात ३२५ व्होल्टच्या शिखरापर्यंत जातो, त्यावर ही उसळी. रिलेचे संपर्क एकमेकांपासून दूर होतात तेव्हा मधली हवा फुटते, विझते, पुन्हा फुटते, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत आटोपतं.

ठिणगी म्हणजे रेडिओ प्रक्षेपकच. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिक हर्ट्झनं १८८० च्या दशकाच्या शेवटी विद्युतचुंबकीय लहरी दाखवल्या त्या ठिणगीच्याच जोरावर. सर्किटमधल्या नॉइजचा, म्हणजे नको असलेल्या विद्युत खळबळीचा, उगम बराचसा इथे असतो. आर्डुइनो उनोवरच्या चिपला रीसेट पिनवर व्होल्टेजची अडीच मायक्रोसेकंदांची डुबकी मिळाली तरी ती प्रोग्राम पहिल्यापासून सुरू करू शकते. डिस्प्लेची चिप तर रीसेटही होत नाही, नुसती गोंधळून बसते.

हा नॉइज येतो कुठून? मी आर्डुइनोला भिंतीतल्या अडॅप्टरऐवजी मोबाइलची पॉवर बँक लावून पाहिली. अडकणं कमी झालं, थांबलं नाही. म्हणजे काही पुरवठ्यातून येत होता आणि काही तारांवरून उडी मारून. उडी मारायची सोय मीच केली होती. टापटीप दिसावं म्हणून पंपाची तार आणि डिस्प्लेच्या तारा एकाच जुडीत घट्ट बांधल्या होत्या. त्या वेगळ्या केल्या, पंपाच्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिला. पीळ दिला की दोन्ही तारांची चुंबकीय क्षेत्रं बाहेर एकमेकांना बरीचशी रद्द करतात. टेलिफोनच्या तारांसाठी ग्रॅहम बेलनं या युक्तीचं पेटंट १८८१ सालीच घेतलं होतं.

पण रोग मुळाशी मारायला हवा. रिलेच्या स्वतःच्या कॉइलला (वेटोळ्याला) उलटा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, लावतात, तो रिलेच्या बहुतेक तयार मॉड्यूलवर असतोच. शंकरपटातली रेषेपलीकडची मोकळी जागा ती हीच. कॉइलला करंट देणारा ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइलमधला करंट डायोडमधून गोल फिरत विरतो. हीच युक्ती पंपाला करायचा मोह होतो. करू नका. पंप एसीवर चालतो, डायोड अर्ध्या सायकलला थेट शॉर्ट करेल आणि फ्यूज उडेल. एसीला लागतो स्नबर, म्हणजे ही उसळी शोषून घेणारी जोडी: १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक. कपॅसिटर एक्स-२ वर्गाचा, म्हणजे घरच्या विजेवर थेट लावण्यासाठी बनवलेला, २७५ व्होल्ट एसीचाच घ्यायचा. साधा घालू नका, तो शॉर्ट झाला तर आग लागू शकते.

स्नबर रिलेच्या संपर्कांवर लावावा की पंपावर? बरेच जण संपर्कांवर लावतात. तसं केलं तर रिले बंद असतानाही सुमारे ७ मिलिअँपियर करंट पंपाकडे झिरपत राहतो, म्हणजे "बंद" पंपाची तार जिवंतच. पाण्याच्या टाकीत बसलेल्या यंत्राबाबत मला हे पटत नाही, म्हणून मी तो पंपाच्या दोन टोकांना लावला. (आणि प्लग काढल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही, हेही सांगून ठेवतो.)

रिले मॉड्यूलवर ऑप्टोकपलर असतो, त्यात सिग्नल प्रकाशातून जातो आणि तार तुटलेली राहते. पण मॉड्यूलवर एक बारीकसा जंपर असतो आणि तो जागेवर असला तर दोन्ही बाजूंचा पुरवठा एकच होतो. मग ऑप्टोकपलर नुसता शोभेचा. जंपर काढला, रिलेला वेगळा ५ व्होल्टचा अडॅप्टर दिला, तेव्हा फरक सर्वांत जास्त जाणवला.

उरलेलं किरकोळ वाटतं, पण काम करतं. "१०४" छापलेला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर प्रत्येक चिपच्या पुरवठ्याच्या पिनांना अगदी चिकटून हवा. दहा सेंटिमीटर तारेचं इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला होणारा विरोध, साधारण ०.१ मायक्रोहेन्री असतं. एक अँपियर करंट ०.१ मायक्रोसेकंदात बदलला तर तेवढ्याच तारेच्या दोन टोकांत १ व्होल्टचा फरक पडतो. म्हणून डीसी मोटर चालवत असाल तर तिच्या ग्राउंडची तार थेट पुरवठ्यापर्यंत न्या, चिपच्या ग्राउंडमधून फिरवू नका. ब्रश असलेल्या मोटरच्या टोकांनाही हाच "१०४" लावतात. प्रोग्राममध्ये वॉचडॉग टायमरही (प्रोग्राम अडकला की चिप पुन्हा सुरू करणारा) घाला, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तो पडलेल्याला उठवतो, ढकलणाऱ्याला पकडत नाही.

काम झालं का, हे पाहायला ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) माझ्याकडे नव्हता. बाबांचा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ होता, ज्यावर ते ५८५ किलोहर्ट्झला आकाशवाणी नागपूर लावायचे. मीडियम वेव्हवर रिकाम्या जागी काटा ठेवून तो कूलरजवळ धरला. आधी पंप बंद होताना जोरात "कट्ट" यायचं, स्नबरनंतर ते कान देऊनच ऐकू येई. पण मधूनमधून दुसरंच एक ठसठशीत "कट्ट" येत राहिलं, आमचा कूलर पूर्ण बंद असतानाही. अर्धा तास घरभर ट्रान्झिस्टर फिरवल्यावर कळलं, ते भिंतीपलीकडून, शेजारच्या काकांच्या फ्रिजमधून येतं. स्नबर लावून देऊ का, हे विचारायला मी अजून गेलेलो नाही.