लाल टोपण की केशरी टोपण: मांजराचं इन्सुलिन कुठल्या सिरिंजने भरायचं

मेडिकलमध्ये जाऊन "इन्सुलिनची सिरिंज द्या" एवढंच म्हणालात तर आपल्याकडे लाल टोपणाची हातात पडायची शक्यता जास्त, आणि तुमच्या मधुमेह झालेल्या मांजराला डॉक्टरांनी ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन लिहून दिलेलं असेल तर तीच सिरिंज त्याच्या जिवावर बेतू शकते. दिसायला दोन्ही सारख्याच असतात, तीच बारीक सुई, तसंच एक एमएलचं नळकांडं, त्यावर रेघा आणि आकडे. फरक फक्त टोपणाच्या रंगात आणि नळीवर छापलेल्या बारीक अक्षरांत. लाल म्हणजे यू-४०, केशरी म्हणजे यू-१००.

हा आकडा म्हणजे एका एमएलमध्ये किती युनिट इन्सुलिन आहे ते. यू-४० च्या बाटलीत एक एमएलला ४० युनिट, यू-१०० मध्ये तेवढ्याच पाण्यात १००. कोकणातल्या माणसाला लगेच कळेल, कोकम सरबत आणि आगळ यात जो फरक तोच. सोलकढीला आगळ दोन चमचे पुरतं, त्याच चमच्याने सरबत घातलंत तर नीट रंगसुद्धा येणार नाही. चमचा तोच, आत काय किती घट्ट आहे त्यावर सगळं. सिरिंजवरच्या रेघा या चमच्यासारख्या आहेत, फक्त प्रत्येक चमचा एकाच बाटलीसाठी बनवलेला असतो. लाल सिरिंजवर १ ची रेघ म्हणजे ०.०२५ एमएल, केशरीवर १ ची रेघ म्हणजे ०.०१ एमएल.

आता अदलाबदल करून बघा. ग्लार्जिन १०० चं, सिरिंज लाल, डॉक्टर म्हणाले एक युनिट म्हणून तुम्ही १ च्या रेघेपर्यंत भरलंत, तर आत गेले अडीच युनिट. उलट केलंत, म्हणजे बाटली ४० ची आणि सिरिंज केशरी, तर १ च्या रेघेवर जातं फक्त ०.४ युनिट, म्हणजे निम्म्याहून कमी. चार-पाच किलोच्या जिवाला सुरुवातीला बहुतेकदा एक युनिट दिवसातून दोनदा एवढंच देतात, त्यामुळे अडीचपट म्हणजे काय ते सांगायला नको.

हे मी एवढ्या कळकळीने लिहितेय कारण आमच्या घरात हे झालंय. गुंड्या आमचा अकरा वर्षांचा न्यूटर केलेला बोका, वजन सात किलोच्या वर, सारखं पाणी प्यायला लागला, लिटर ट्रेमध्ये लघवीचे गोळेच गोळे, आणि खात असूनही पाठीचा कणा हाताला लागायला लागला. डॉक्टर मॅडमनी रक्तातली साखर बघितली ४०० च्या वर, पण लगेच निदान केलं नाही, कारण मांजराची साखर नुसत्या भीतीनेही ३०० पार जाते, म्हणून फ्रुक्टोसामाईन ही रक्ताची तपासणी केली, ज्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळते. फ्रुक्टोसामाईन वाढलेलं आलं आणि ग्लार्जिन सुरू झालं. आता आमच्या फ्रिजमध्ये आईची इन्सुलिनची बाटली आधीपासून आहे, ती मिक्स्ड इन्सुलिन घेते, सकाळी सोळा युनिट, आणि तिची बाटली ४० ची. मी मेडिकलमध्ये इन्सुलिनची सिरिंज मागितली, त्यांनी आई नेहमी नेते तीच दिली, मलाही ओळखीची वाटली. रात्री नऊला पहिला डोस दिला. पहाटे चारच्या सुमाराला गुंड्या पलंगाखालून बाहेर येताना मागच्या पायांवर कोलमडला, डोळे मोठे झालेले, हाक मारली तरी ओळख नाही. कानातून थेंब घेऊन ग्लुकोमीटरवर बघितलं तर ४८. हिरड्यांवर मध चोळला, बोटाने, थोडा थोडा, आणि टॉवेलमध्ये गुंडाळून तसंच दवाखान्यात नेलं, तिथे सलाईनमधून ग्लुकोज दिलं तेव्हा कुठे दुपारपर्यंत सावरला. घरी परत आल्यावर चौदा वर्षं स्वतःच्या पोटात सुई घेणारी माझी आई बाटली उजेडात धरून म्हणाली, "अगं, याच्यावर शंभर लिहिलंय आणि सुई तर माझी आहे."

मुद्दा असा की युनिट हे औषधाचं माप आहे, रेघ ही जागेचं. "एक युनिट" हे वाक्य अर्धंच आहे, कुठल्या बाटलीतलं आणि कुठल्या सिरिंजवर हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

मग कुठलं इन्सुलिन कुठल्या बाजूला? आपल्याकडे माणसांची साधी ह्युमन इन्सुलिन, म्हणजे रेग्युलर, एनपीएच, ३०/७० मिक्स, यांच्या बाटल्या बहुतेक ४० च्या असतात, पण १०० च्याही मिळतात म्हणून लेबल वाचायचंच. प्राण्यांसाठी बनवलेलं कॅनिन्सुलिन ४० चं. ग्लार्जिनची बाटली आणि कार्ट्रिज १०० चं. पेनमध्ये बसणारी इन्सुलिन बहुतेक १०० ची असतात, ४० ची नाहीत, त्यामुळे पेनच्या कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने कधीच ओढायचं नाही. आणि एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते, ग्लार्जिन ३०० युनिटचंही येतं, टुजेओ नावाने, फक्त पेनमध्ये. मेडिकलवाले "ग्लार्जिनच आहे हो" म्हणून ते देत असतील तर घ्यायचं नाही, नाव तेच असलं तरी ते तिप्पट घट्ट आहे.

परदेशात असाल तर नेमकं उलटं होतं. ब्रिटनमध्ये माणसांचं इन्सुलिन १९८३ पासून १०० चं झालं, अमेरिकेत त्याच्याही आधी, त्यामुळे तिथे दुकानात सहज मिळते ती यू-१०० ची सिरिंज. पण मांजरांचं प्रोझिंक नावाचं इन्सुलिन ४० चं. म्हणजे न्यू जर्सीत राहणाऱ्या कुणी प्रोझिंक घेऊन साधी सिरिंज उचलली तर मांजराला एका युनिटऐवजी ०.४ जाईल आणि महिनाभर सगळे विचार करत बसतील की औषध लागू का पडत नाही, डोस वाढव, अजून वाढव, आणि मग कधीतरी योग्य सिरिंज हातात आली की तोच वाढवलेला आकडा एकदम पूर्ण ताकदीने आत जाईल. मला तर ही दुसरी चूक जास्त भीतीदायक वाटते, कारण ती शांतपणे चालू राहते.

चूक कुठल्या बाजूला झाली हे मांजराकडे बघून ओळखता येतं का? येतं, पण इथेही गल्लत होते, कारण दोन्हीकडे मागचे पाय लुळे दिसतात. साखर खूप काळ जास्त राहिली की मांजर मागच्या पायाचे घोटे जमिनीला टेकवून, सशासारखं बसकं चालायला लागतं, उडी मारायची टाळतं, पण हे काही आठवड्यांत हळूहळू येतं, मांजर भानावर असतं, पाणी आणि लघवी भरपूर असते, आणि साखर ताब्यात आली की बऱ्याच मांजरांचं ते हळूहळू सुधारतं. साखर पडल्यावर मात्र सगळं तासाभरात, कधी मिनिटांत बदलतं. एकदम भूक लागल्यासारखं ओरडतं किंवा कोपऱ्यात लपतं, तोल जातो, नजर हरवते, अंग थरथरतं, पुढे फिट येते. मीटर जवळ असेल तर लगेच तपासा, ६० च्या खाली म्हणजे धोका. मीटर नसेल आणि इन्सुलिन दिल्यानंतर असं काही दिसलं तर साखर पडलीय असंच धरून चाला. शुद्धीत असेल आणि खात असेल तर आधी खायला द्या. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोज पावडरचं घट्ट पाणी हिरड्यांवर चोळा, फिट चालू असताना तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जाईल, आणि दवाखाना गाठा. तिकडे जास्त साखरेच्या बाजूला घाई कधी करायची? मांजर खायचं सोडतं, उलट्या करतं, मलूल पडतं तेव्हा. लघवीत किटोन, म्हणजे साखर वापरता न आल्यावर चरबी जळून बनणारे पदार्थ, असतील तर उद्यापर्यंत थांबायचं नाही.

केशरी सिरिंजमध्येही प्रकार आहेत. एक एमएलच्या केशरी सिरिंजवर साधारण दर दोन युनिटला एक रेघ असते, त्यावर एक युनिट म्हणजे डोळ्याचा अंदाज, आणि मांजराला अंदाज चालत नाही. ०.५ एमएलवर एकेक युनिटची रेघ असते. ०.३ एमएलची काहींवर अर्ध्या युनिटचीही रेघ मिळते, मांजरासाठी तीच सगळ्यात बरी, आमच्याकडे ती ऑर्डर करून मागवावी लागते पण मी पाकीट संपायच्या आधी दुसरं आणून ठेवते. एक युनिट म्हणजे इतका छोटा थेंब की नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर डोसचा मोठा भाग तोच खातो, म्हणून सुई वर करून टिचकी मारून हवा परत बाटलीत ढकलायची.

४० चं इन्सुलिन केशरी सिरिंजने मुद्दाम भरणारे लोकही आहेत, कारण बारीक डोस नीट मोजता येतो. त्यात युनिटला अडीचने गुणायचं, एक युनिटला केशरी सिरिंजच्या आकड्यांवर २.५ पर्यंत, दोनला ५ पर्यंत. हे चुकीचं नाही, पण डॉक्टरांशी बोलून, कागदावर लिहून, घरातल्या सगळ्यांना समजावूनच. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने भरायचा हिशेब मात्र करूच नका, एका रेघेलाच अडीच युनिट होतात, त्यात एक युनिट मोजणार कसं?

टोपणावरही पूर्ण विसंबू नका. टोपणं टेबलावर इकडची तिकडे होतात. नळीवर छापलेला आकडा आणि बाटलीवरचा आकडा, दोन्ही मोठ्याने वाचायचे, मगच सुई बाटलीत. आमच्याकडे आता आईची बाटली फ्रिजच्या दारात नसते, वरच्या खणात लाल डब्यात तिच्या सिरिंजसकट असते, गुंड्याची खालच्या खणात केशरी डब्यात. आणि डोस गेला की नाही अशी शंका आली, तो हलला, केसांवरच ओलं झालं, तर परत द्यायचं नाही. एखादा डोस चुकल्याने साखर थोडी चढेल, दोनदा गेल्याने ती पडेल. खाल्लं नसेल तर डोस द्यायच्या आधी फोन करून विचारा.

गावाला जाताना शेजारच्या काकू गुंड्याला सुई देतात. त्यांना मी "एक द्या" असं सांगत नाही. केशरी डब्याचा, बाटलीच्या लेबलचा आणि भरलेल्या सिरिंजचा फोटो त्यांच्या मोबाईलवर आहे, आणि सिरिंज मी पाकिटासकट देते, सुटी देत नाही.