रुळाला हात लावला तर शॉक बसतो?

“मॉडेल रेल्वेच्या रुळांत वीज असते, मुलांना हात लावू देऊ नका.” दर सुट्टीत आमच्या ग्वाल्हेरात हा निरोप फिरतो. भीती अगदीच हवेतली नाही. शंभर वर्षांपूर्वी काही खेळगाड्या खरोखर घरच्या विजेवर चालत.

आजच्या साध्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) संचात रुळांवर फार तर 12 व्होल्टच्या आसपास येतात. कोरड्या बोटांना ते जाणवतही नाहीत. आधी ॲडॉप्टरवरचं ‘आउटपुट’ वाचा. मग मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) 20 व्होल्ट डीसीवर लावून त्याची टोकं दोन रुळांना टेकवा आणि कंट्रोलरची चकती हळूहळू फिरवा. आकडा शून्यावरून चढत बाराच्या आसपासच येऊन थांबेल.

जपायचं ते भिंतीकडच्या 230 व्होल्टना. वायर सोलली असेल तर ॲडॉप्टरच बदला. आणि हो, रुळांवर स्क्रू आडवा पडला तर शॉर्ट होऊन तो चांगलाच तापतो.