सलून वेगळं, टॅव्हर्न वेगळं

शिकागोच्या आसपास आपल्या लोकांपैकी कुणाची वास्तुशांत असली की तळघरातल्या बारसाठी एक पाटी हमखास भेट येते. मुद्दाम गंज चढवलेला पत्रा, त्यावर 'ओल्ड टाइम सलून, १८९०', झुलत्या दारांचं चित्र आणि कोपऱ्यात बिअरचा कॅन. मागच्या वर्षभरात अशा तीन पाट्या बघितल्या. एकीवर तर सलूनच्या खाली 'टॅव्हर्न' असंही छापलं होतं, जणू दोन्ही एकच. खरं तर सलून हा अमेरिकेतल्या दारूबंदीआधीचा बार, आणि टॅव्हर्न बंदी उठल्यानंतरचा.

१८९० साली बिअरचा कॅन नव्हता. कॅनमधली पहिली बिअर विकली गेली २४ जानेवारी १९३५ ला, व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात. ती भरली होती न्यू जर्सीतल्या नेवार्कच्या क्रूगर ब्रुअरीनं, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीनं. एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा शेजारच्याच गावचा इतिहास आहे. निऑनचंही तसंच. पॅरिसमध्ये जॉर्ज क्लोदनं निऑनचा दिवा लोकांना दाखवला तो १९१० मध्ये, आणि अमेरिकेत तो पसरला तोवर सलूनना कुलपं लागली होती.

सलून कसं दिसायचं हे वेस्टर्न सिनेमांमुळे सगळ्यांना पाठ आहे: लांब लाकडी काउंटर, पायाशी पितळी दांडी, पिकदाणी, मागे भिंतभर आरसा. बायकांना बहुतेक ठिकाणी मज्जाव. (मराठीत सलून म्हटलं की दाढी-कटिंग आठवते. मूळ फ्रेंच शब्द एकच, वाटा वेगळ्या झाल्या.) १७ जानेवारी १९२० ला देशभर दारूबंदी लागू झाली आणि हे दुकान बंद पडलं.

गोंधळ होतो तो इथून पुढे. लोकांना वाटतं, तेरा वर्षं कुलूप होतं, मग तेच दुकान नव्या नावानं उघडलं. तसं झालेलं नाही. इमारत तीच राहिली असेल, मालकही तोच असेल, पण भिंतीवरचा हक्क बदलला होता.

सलूनच्या काळात मोठ्या शहरांतली कितीतरी दुकानं ब्रुअरीच्या पैशावर चालत. जागा, काउंटर, आरसे, परवान्याचे पैसे, सगळं ब्रुअरी पुरवायची आणि बदल्यात तिथं फक्त तिचीच बिअर मिळायची. मिलवॉकीच्या श्लिट्झनं तर शिकागोत इमारतीच बांधल्या. साउथपोर्ट आणि बेलमाँटच्या कोपऱ्यावर १९०३ सालची एक अजून उभी आहे. आता तिथं गाण्याचे कार्यक्रम होतात. मान वर करून बघा, दर्शनी भिंतीत पट्टा बांधलेला पृथ्वीचा गोल घडवलाय, पट्ट्यावर श्लिट्झचं नाव. ही जाहिरात खिळ्यावर टांगलेली नाही, इमारतीच्या अंगातच आहे. म्हणून सलूनमधल्या वस्तू मोठ्या आणि खर्चिक असायच्या. ॲनहायझर-बुशनं १८९६ पासून अमेरिकन सेनाधिकारी कस्टरच्या शेवटच्या लढाईचं भलंमोठं रंगीत चित्र देशभरच्या सलूनमध्ये वाटलं, ते याच पद्धतीतलं.

लोकांचा राग होता तो या पद्धतीवरही. ओहायोत १८९३ मध्ये सुरू झालेल्या संघटनेच्या नावातच शत्रू होता: अँटी-सलून लीग. कॅन्ससमध्ये कॅरी नेशन बाई तर बारमध्ये शिरून मोडतोडच करायच्या. विचिटाच्या कॅरी हॉटेलात डिसेंबर १९०० मध्ये त्यांनी बारचा प्रचंड आरसा फोडला.

त्यामुळे ५ डिसेंबर १९३३ ला बंदी उठली तरी सलून परत आलं नाही. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी त्याच दिवशीच्या घोषणेत राज्यांना बजावलं की जुन्या किंवा नव्या रूपात सलूनला परवानगी देऊ नका. काही राज्यांनी पाटीवर तो शब्द लिहायलाही मनाई केली. न्यूयॉर्कमध्ये एका दुकानाला 'ओनील्स सलून' नाव हवं होतं, ते अक्षर बदलून 'बलून' करावं लागलं. १९३५ च्या केंद्रीय कायद्यानं ब्रुअरीनं दुकानात भागीदारी करणं, सामान आणि पैसे देऊन दुकानदाराला बांधून घेणं बंद केलं.

आपल्याकडे 'परमिट रूम' हा शब्द १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या परवान्यांतून आला. पेशवाईच्या देखाव्यावर कुणी 'परमिट रूम' लिहिलं तर मराठी माणसाला ते लगेच खटकेल. सलूनच्या पाटीवरचा कॅन मला तसाच खटकतो.

टॅव्हर्नची भिंत १९३५ च्या त्या अमेरिकन कायद्यानं घडवली. आता एकाच दुकानात पाच ब्रुअरींची बिअर, म्हणून प्रत्येकीला नाव दिसायला हवं. नळाच्या मुठीवर नाव, खिडकीत निऑन, काउंटरमागे दिव्याचं घड्याळ. सगळं लहान, सुटं, उचलून नेता येण्याजोगं. भिंतीवर एकाच ब्रुअरीचा थाट असेल तर ते सलून. चार जणी दाटीवाटीनं असतील तर टॅव्हर्न. बाकी स्टूल, ज्यूकबॉक्स, बायकांचा वावर हे फरक त्यामागोमाग येतात.

माझी पसंती टॅव्हर्नलाच, आणि त्यातही हॅम्स बिअरच्या जाहिरातीच्या हलत्या दिव्याला. साठच्या दशकातली ही प्लास्टिकची रुंद पेटी. आत दिव्यापुढून लांब चित्रपट्टी सरकत राहते. तंबू, शेकोटी, काठाला लागलेली होडी, मग धबधबा, आणि पाणी खरंच पडतंय असं चमकतं. जवळ कान नेला तर मोटरची बारीक घरघर ऐकू येते. लोक 'प्लास्टिक आहे' म्हणून पुढे जातात आणि नकली गंजाचा पत्रा विकत घेतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जुनी बाटली भेट देणार असाल तर लेबलावर 'इंटर्नल रेव्हेन्यू टॅक्स पेड' हे शब्द शोधा. १९५० नंतर ते छापले जात नाहीत, म्हणजे ते असले तर बाटली त्याआधीची. आणि कुणाला सलूनच सजवायचं असेल तर निऑन आणि कॅन बाजूला ठेवून एक मोठा आरसा लावा. शेजारी कॅरी नेशन बाईंची छोटी कुऱ्हाडीची पिन मिळाली तर तीही. बाई स्वतःच ती आठवण म्हणून विकायच्या, आणि त्या पैशातून दंड भरायच्या.