आकारित लेसर स्पंदांनी रेणुविघटनाचे नियंत्रण

अतिलघू लेसर स्पंदाची अंतर्गत घडण बदलून रेणूचा कोणता बंध तुटावा आणि कोणता शाबूत राहावा, हे ठरवण्याचे तंत्र. हे स्पंद, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक झोत, साधारण दहा ते शंभर फेमटोसेकंद टिकतात. एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग.

१९६० मध्ये लेसर आला तेव्हा काम सोपे वाटले होते: हव्या त्या बंधाच्या कंप्रतेचा प्रकाश टाकायचा, बंध तुटेल. तसे होत नाही. बाजेची एक दोरी ओढली की सगळी वीण हलते, तशी एका बंधात घातलेली ऊर्जा सहसा काही पिकोसेकंदांतच (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेमटोसेकंद) साऱ्या रेणूत पसरते आणि मग तुटतो तो सर्वांत कच्चा बंध. म्हणजे लेसर वापरूनही रेणू नुसता तापवल्यासारखेच झाले. यावर १९८५-८६च्या सुमारास दोन तोडगे सुचले. डेव्हिड टॅनर आणि स्टुअर्ट राइस यांचा भर दोन स्पंदांमधील वेळेच्या अंतरावर होता, तर पॉल ब्रुमर आणि मोशे शापिरो यांचा एकाच अंतिम अवस्थेकडे नेणाऱ्या दोन मार्गांच्या व्यतिकरणावर, म्हणजे त्यांच्या लहरींनी एकमेकींना वाढवण्यावर किंवा पुसून टाकण्यावर.

मात्र मोठ्या रेणूसाठी योग्य स्पंद गणिताने काढणे जवळपास अशक्य असते. १९९२ मध्ये रिचर्ड जडसन आणि हर्शेल राबिट्झ यांनी सुचवले की हे गणित रेणूकडूनच सोडवून घ्यावे: स्पंद टाका, काय तुटले ते मोजा, त्यावरून स्पंद सुधारा.

जर्मनीतील व्युर्झबुर्ग येथे गुस्ताव गेर्बर यांच्या गटाने १९९८ मध्ये हे करून दाखवले. इतक्या लहान स्पंदाला वेळेत थेट कापता येत नाही, म्हणून तो विवर्तन जालकाने रंगांत पसरवतात. द्रवस्फटिकाच्या पट्टीवरील १२८ घरांपैकी प्रत्येक घर आपल्या वाट्याच्या रंगाला कमीजास्त विलंब देते आणि दुसरे जालक सगळे रंग पुन्हा एकत्र आणते. रेणू होता लोहाचा: त्याला जोडलेले पाच कार्बनचे एक सायक्लोपेंटाडायनिल वलय, दोन कार्बन मोनॉक्साइड, एक क्लोरीन. एकच कार्बन मोनॉक्साइड गमावलेला आयन (विद्युतभारित तुकडा) आणि केवळ लोह-क्लोरीन उरलेला आयन यांचे गुणोत्तर तुकडे वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या वस्तुमान वर्णपटमापकाने मोजले जाई आणि उत्क्रांतीच्या धर्तीवरचा संगणकीय विधी त्यावरून स्पंदांची पुढची पिढी घडवी. हे गुणोत्तर वाढवायला सांगितले तेव्हा सुमारे ४.९, कमी करायला सांगितले तेव्हा सुमारे १.२ मिळाले. २००१ मध्ये रॉबर्ट लेव्हिस, गेटाहुन मेनकिर आणि राबिट्झ यांनी अधिक तीव्र स्पंदांनी अॅसिटोफिनोनपासून टोल्यूइनचा आयन मिळवला. इथे बंध नुसते तुटले नाहीत, नवा जुळलाही.

अडचण अशी की यंत्राने शोधलेला स्पंद हे उत्तर असते, स्पष्टीकरण नव्हे. विलंबांच्या त्या गुंतागुंतीतून रेणूत नेमके काय घडले, हे क्वचितच वाचता येते. शिवाय आकार बदलला की स्पंदाची कमाल तीव्रताही बदलते आणि तुकड्यांचे प्रमाण तेवढ्यानेही हलते. मार्कोस डांटस यांच्या गटाला अनेक सेंद्रिय रेणूंत गुंतागुंतीच्या आकारापेक्षा स्पंदाचा कालावधीच निर्णायक आढळला. त्यामुळे स्पंदाच्या आकाराने विघटन नियंत्रित केल्याचा दावा वाचताना आधी पाहावे ते हे, की तेवढाच लांबवलेला साधा स्पंद तुलनेसाठी वापरला होता का.